धुऊन टाकलेली तपकीर

जालन्यात राहून चिनी तपकिरीच्या बाटल्या जमवतो असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : बाटल्या की तपकीर? बाटल्या. त्याही काचेच्या नव्हेत, दगडाच्या. अकीक, जेड, स्फटिक असा कठीण दगड आतून पोखरून केलेली, पाच-सात सेंटीमीटर उंचीची, मुठीत मावणारी चपटी बाटली. तोंड एवढंसं, की पेन्सिलही जेमतेम जाईल. वर बूच आणि बुचाच्या पोटाला चिकटलेला काडीसारखा चमचा. दुसरा प्रश्न किमतीचा असतो. त्याचं उत्तर मी देत नाही, कारण बायको आसपास असू शकते.

या नादात माझ्या हातून झालेल्या चुका दोन प्रकारच्या आहेत. काहींत पैसे गेले. त्या मी लग्नाकार्यात, पंगत उठायला वेळ असला की रंगवून सांगतो आणि लोकही पोटभर हसतात. दुसऱ्या प्रकारच्या चुका आजवर कुणाला सांगितल्या नव्हत्या. त्यांत पैसे जवळपास गेलेच नाहीत. लिहायच्या आहेत त्या ह्या दुसऱ्या. पण सुरुवात पहिल्यांपासून करतो, तेवढंच हात मोकळा व्हायला.

आपल्याकडे तपकीर डबीत राहायची. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीतले दोन-तीन म्हातारे पितळी डबीवर बोटाने टकटक करून झाकण उघडत, चिमूट नाकाशी नेत आणि बोटं धोतराच्या सोग्याला पुसत. युरोपातही डबीच. चीनमध्ये मात्र बाटली. तंबाखू तिकडे सोळाव्या शतकाच्या अखेरीस फिलिपीन्समार्गे पोचला. तपकीर पुढे जेझुइट पाद्र्यांनी नजराणे म्हणून दरबारात नेली. दमट हवेत डबीतली तपकीर सादळते, म्हणून औषधाच्या छोट्या बाटल्यांचाच घाट चिन्यांनी उचलला आणि बूच घट्ट बसवलं. कांगशी बादशहाने १६९६ मध्ये पेकिंगच्या राजवाड्यात काचेचा कारखाना काढला, तो किलियन श्टुम्फ नावाच्या जर्मन पाद्र्याच्या देखरेखीखाली. कांगशीचा नातू छ्येनलोंग १७३६ ते १७९५ गादीवर होता, तेवढ्यात या बाटल्या प्रत्येक अंमलदाराच्या बाहीत जाऊन बसल्या. भेटल्यावर बाटली पुढे करणं हा शिष्टाचार झाला आणि कुणाची बाटली कोणत्या दगडाची हे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघणंही. १९१२ मध्ये राजवट संपली, तपकिरीचं चलन त्याआधीच ओसरू लागलं होतं. बाटल्या परदेशी गिऱ्हाइकांसाठी होत राहिल्या. अजूनही होतात, आणि माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतात.

मला ही लागण हैदराबादला झाली. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे आमच्याकडच्या पुष्कळ घरांचं कुणी ना कुणी तिकडे असतंच. एका लग्नाला गेलो होतो, मधला दिवस रिकामा होता, म्हणून सालारजंग संग्रहालयात गेलो. तिसरा सालारजंग, मीर युसूफ अली खान, १९४९ मध्ये वारला. लग्न केलेलं नाही, मूलबाळ नाही, आयुष्यभर वस्तू गोळा केल्या. जेडच्या दालनात जहांगीर आणि नूरजहाँच्या नावाच्या कट्यारी आहेत, त्या लोक बघतात. मी चिनी विभागात तपकिरीच्या बाटल्यांपाशी अडकलो. तुपासारखा दिसणारा दगड, त्यावर कोरलेली एक डहाळी, आणि कुठे छिन्नीची खूण नाही. संध्याकाळी जुन्या शहरात एका दुकानात मी विचारलं, "तपकिरीची दगडी बाटली आहे का?" इतक्या सरळ प्रश्नाला इतकं महाग उत्तर मिळतं हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

दुकानदाराने हिरवी बाटली काढली. म्हणाला, "यशम है साब. देवडी का माल." यशम म्हणजे जेड. बस, एवढंच. पुढची गोष्ट त्याने सांगितलीच नाही; ती मी परतीच्या गाडीत स्वतःच रचली. नवाबाची देवडी, तिथून एखाद्या इंग्रज अंमलदाराला भेट, तो हैदराबाद कंटिंजंट फौजेचा, कंटिंजंटची छावणी जालन्याला. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या असईला १८०३ साली वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढाई केलेली, तिचाही धागा मी कुठेतरी ओवला. परभणी येईपर्यंत बाटली माझ्या गावाची झाली होती. शिवाय बुडाला चार चिनी अक्षरं होती. एका पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिली तर छ्येनलोंगचाच शिक्का! कोरणाऱ्याला सगळ्या बाटलीत सर्वांत सोपं काम तेच असतं, आणि खऱ्या जुन्या दगडी बाटल्यांपैकी बहुतेकींवर शिक्का नसतो, हे पुस्तकाच्या पुढच्या पानांवर होतं. मी तिथवर गेलो नव्हतो.

शंका आली ती वर्षभराने, आणि तीही एका सराफामुळे. आमच्या ओळखीचे सराफ बाटली हातात घेऊन म्हणाले, "जेड असेल तर हाताला जड लागायला पाहिजे." मी म्हटलं, वजन करून बघू. नेफ्राइट जेडची घनता साधारण तीनाच्या जवळ असते, बर्मी जेडाइटची ३.३, आणि जेड म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्पेंटाइनची २.६ च्या आसपास. हवेतलं वजन घ्यायचं, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळवून घ्यायचं, घटलेल्या वजनाने भागायचं. दुकानातल्या काट्यावर आम्ही ते केलं. हवेत ६१.२ ग्रॅम. भागाकार आला १.९४. दोनाच्याही खाली! म्हणजे दगडच नाही, राळ नाहीतर प्लास्टिक. मी तिथूनच हैदराबादला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं. पलीकडचा माणूस एवढंच म्हणाला, "साब, पत्थर तो पत्थर है."

त्याचं बरोबर होतं. बाटली पोकळ आहे आणि तिच्या पोटात हवा अडकली आहे, हे ना माझ्या ध्यानात आलं ना सराफांच्या. रात्री झोपेत आठवलं. दुसऱ्या दिवशी सिरिंजने आत पाणी भरलं, बुडबुडा राहिला नाही याची खात्री केली आणि पुन्हा मोजलं : २.५९. दगड खराच, पण सर्पेंटाइन. जेडवर ब्लेड चालत नाही. याच्या बुडावर पहिल्याच फटक्याला ओरखडा उठला, आणि नेमका शिक्क्यातल्या तिसऱ्या अक्षरावर. फोन पुन्हा लावून माफी मागावी असं वाटलं होतं. मागितली नाही.

निळ्या अकीकाची गोष्ट त्याहून छोटी. मोरपिशी निळा, पट्ट्यापट्ट्यांचा, दिसायला देखणा. मी तो पश्चिमेच्या खिडकीत ठेवला. जालन्याचं मे महिन्याचं ऊन ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचं सांगायला नको. दिवाळीपर्यंत तो राखाडी झाला. अकीक सूक्ष्म छिद्रांचा असतो, रंग पितो. जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात ही रंगारीची विद्या चांगली पक्की केली : साखरेच्या पाकात मुरवून मग गंधकाम्लात घातला की काळाभोर, लोहाच्या क्षारात मुरवून तापवला की लाल. हे रंग टिकतात. माझा टिकला नाही, कारण तो कुठल्या तरी स्वस्त ॲनिलीन रंगाचा होता. आतला राखाडी दगड मात्र अस्सल होता, आणि तसा दगड आमच्या शिवारात विहीर खोदताना निघतो.

हे मला फार उशिरा कळलं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर आपला सगळा मराठवाडा बसलेला. त्या लाव्हात वायूचे बुडबुडे राहिले, पोकळ्यांमध्ये सिलिका झिरपली आणि थरावर थर बसून अकीक, गारगोटी झाली; कुठे झिओलाइटचे स्फटिक उमलले. सिन्नरला गारगोटी नावाचं आख्खं संग्रहालय आहे याच खनिजांचं. खंबायतचे कारागीर राजपिपळ्याच्या डोंगरातला अकीक शतकानुशतकं कापत आले, आणि त्यांचा माल चीनपर्यंत जात होता. म्हणजे मी ज्या दगडासाठी हैदराबाद-मुंबईच्या फेऱ्या मारत होतो त्याचे भाऊबंद आमच्या बांधावर पडले होते आणि पोरं ते गोफणीत घालून पाखरांना मारत होती.

इथवर पैशाच्या चुका. आता दुसऱ्या.

मी नोकरी केली ती औद्योगिक वसाहतीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात, भंगार खरेदीच्या हिशेबाला. जालन्यात सळया तयार होतात त्या भंगार वितळवून, आणि भंगार देशभरातून येतं. लोखंड कारखान्यात जातं. तांबं-पितळ निवडून बाजूला निघतं. ते निवडणाऱ्यांपैकी एकाला माझा नाद माहीत होता. एके दिवशी तो काट्यापाशी आला आणि खिशातून एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "साहेब, पितळेच्या भांड्यात होती. तुमच्याच कामाची दिसते."

मधासारखा रंग, एका अंगाला जरासा गडद डाग. कोरीवकाम काहीच नाही. ना डहाळी, ना घोडा, ना शिक्का. वर काळपटलेली धातूची टोपी, आतलं बूच कुजलेलं, चमच्याचा अर्धा तुकडा बुचाला लटकलेला. आत तपकिरी काहीतरी चिकटून दगड झालेलं. नुसतीच गुळगुळीत बाटली. मी त्याला चहापाण्याला म्हणून काही दिलं आणि ती घरी आणली. तो जाताना म्हणालाही, "एका वाड्याचं सामान होतं." कोणता वाडा, हे मी विचारलं नाही.

हैदराबादच्या माणसाने "देवडी का माल" म्हटल्याबरोबर मी आख्खी बखर रचली होती. इथे गावातला माणूस फुकटात, आपणहून सांगत होता, आणि मी वाट बघत होतो त्याने उठून जायची, कारण हिशेब बंद करायचा होता. त्याच्या गोष्टीला किंमत लावलेली नव्हती, म्हणून ती मला गोष्ट वाटली नाही.

घरी आल्यावर बाटली धुवायची ठरवली. आधी बादलीत टाकली तर ती तरंगली. तोंड वर करून, थोडी तिरपी, झुलत. मी हसलो. दगड कधी तरंगतो का? हिरव्या बाटलीने शिकवलेला धडा मी विसरलो नव्हतो, उलट लावला होता : पोकळीत हवा असते, हे खरं, पण दगडाला तरंगवण्याइतकी हवा मावायची तर भिंती अंड्याच्या टरफलासारख्या लागतील, आणि तेवढं कोण कोरणार? म्हणून प्लास्टिक. मग काळजी कसली! मी टोपी पिळून काढली. बूच भुगा झालं, तो केरात गेला. चमच्याचा तुकडा हस्तिदंती होता की बांबूचा, हे आज सांगता येत नाही, कारण तोही केरात गेला. डिसेंबरची थंडी होती, बाटली गार पडली होती. धुण्याचा सोडा घालून पाणी उकळवलं आणि फनेलने आत ओतलं.

'टक्' असा बारीक आवाज आला. प्लास्टिक असा आवाज करत नाही.

खांद्यापासून बुडाकडे एक भेग गेली होती, केसाएवढी. मी घाबरून पाणी मोरीत ओतलं. काळंतपकिरी पाणी गेलं, त्याबरोबर आतलं सगळं गेलं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला पाणी स्वच्छ आलं आणि स्वयंपाकघरात एक वास भरून राहिला. सौम्य होता. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांच्या डबीसारखा होता की वेगळा, हे मी तेव्हा नाक लावून ठरवायला हवं होतं. बायको म्हणाली, "अहो, काय जाळलंत?" मी खिडकी उघडली.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईला गेलो तेव्हा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात चिनी-जपानी दालन पाहिलं. सर रतन टाटांचा संग्रह १९२१ मध्ये आणि सर दोराबजींचा १९३३ मध्ये या संग्रहालयाकडे आला. तिथल्या जेडपाशी आणि तपकिरीच्या बाटल्यांपाशी माझ्यासारखाच रेंगाळणारा एक म्हातारा गृहस्थ भेटला. बोलता बोलता मी माझ्या साध्या बाटलीचं वर्णन केलं आणि हसत सांगितलं, "पाण्यात तरंगली हो!" त्यांनी मला बाजूच्या बाकावर बसवलं.

दगडी बाटली कोरतात म्हणजे कापत नाहीत, घासतात. अकीक पोलादाहून कठीण, त्यावर छिन्नी चालतच नाही. वाळू, गार्नेटचा किंवा कुरुंदाचा चुरा पाण्यात कालवायचा, लोखंडी चकतीला लावायचा आणि चकती फिरवत राहायची. दगड झिजतो तो त्या चुऱ्याने. बाहेरची नक्षी दिसते तरी. पोट पोखरायचं काम आंधळं. आधी पोकळ नळीने सरळ भोक पाडायचं, मग त्या इवल्याशा तोंडातून वाकड्या टोकाची लोखंडी काडी घालायची आणि चुऱ्याच्या चिखलाने खांद्यांच्या आतली बाजू खरवडत न्यायची. हाताला जे लागेल तेवढ्यावरून भिंतीची जाडी ओळखायची. जरा जास्त झालं की महिन्यांची मेहनत फुटली. तरंगणारी अकीकाची बाटली ही या कामातली परीक्षाच समजतात. विकायला घाईत केलेल्या बाटल्यांत नुसतं सरळ भोक असतं, त्या बुडतात. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याचा मध्य या काळात पुष्कळ उत्तम बाटल्या अशाच साध्या, बिननक्षीच्या केल्या. ज्याला कळतं त्याने उचलून बघावं, एवढीच त्यांची ऐट.

आतली तपकीर कुठे आहे, असं त्यांनी विचारलं. मग बूच. मग चमचा. प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर एकच होतं. शेवटी त्यांनी विचारलं, आली कुठून? मी म्हटलं, एका वाड्यातून. ते म्हणाले, "तुमच्या गावात अशी बाटली कशी आली असेल, हाच खरा प्रश्न होता." छावणीतल्या कुणी आणली, हैदराबादमार्गे आली, मुंबईहून कुणा व्यापाऱ्याने कौतुकाने आणली? आत चिनी तपकीर होती की मद्रासची, म्हणजे बाटली इथे कुणी खरोखर वापरत होतं की नुसती शोकेसमध्ये होती? थोडी पूड खरवडून ठेवली असती तर कुणीतरी तपासून काही तरी सांगू शकलं असतं. धुण्याच्या सोड्याने ते प्रश्नच मोरीत गेले.

गावी परतल्यावर मी भंगार निवडणाऱ्याला गाठलं. "कोणता वाडा होता रे तो?" त्याने डोकं खाजवलं. "कादराबादचा का सदर बाजारचा... आता काय आठवतंय साहेब. दोन वाडे एकदमच पाडले होते."

आता भोकरदन. हे लिहायचं टाळता आलं असतं, पण मग वरचं लिहिण्यालाही अर्थ उरत नाही.

भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांना दान देणाऱ्यांत या गावची माणसं आहेत, तिथल्या लेखांत गावाचं नाव कोरलेलं आहे. १९७३ मध्ये शां. भा. देव आणि र. श्री. गुप्ते यांनी नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांतर्फे इथे उत्खनन केलं. सातवाहन काळाची वस्ती निघाली. एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली, तिची जातकुळी पाँपेईत १९३८ मध्ये सापडलेल्या प्रसिद्ध भारतीय मूर्तीशी जुळते. आणि मणी निघाले : अकीकाचे, लाल कार्नेलियनचे, स्फटिकाचे, काचेचे, शंखाचे. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात लिहिलेलं आहे, की पैठणहून अकीकासारखा दगड मोठ्या प्रमाणात गाड्यांवर लादून भडोचला जातो, तिथून जहाजांवर. भोकरदन त्याच व्यापाराच्या टापूतलं. थोडक्यात, कठीण दगडाचं खरं प्राचीन काम बघायला मला चीनच्या वाटेला जायची गरजच नव्हती. जालन्याहून भोकरदन नाक्यावर एसटीत बसलं की झालं.

बसलो. बाटल्या परवडेनाशा झाल्या होत्या, आणि पावसाळा सरला की टेकाडाच्या धुपलेल्या मातीत मणी वर येतात असं ऐकलं होतं. मला एकही सापडला नाही. पोरांना सापडायचे, त्यांची नजर वेगळी. मी पाच-दहा रुपयांना एक असे घेऊ लागलो. लाल मणी, पिंपाच्या घाटाचे, दोन्ही बाजूंनी भोक पाडून मधोमध किंचित चुकलेले. भिंगाखाली ते चुकलेलं भोक बघताना मला खरोखर आनंद व्हायचा. तो मी नाकारत नाही.

घरी मी ते रंगाप्रमाणे लावले. माळ पुरी होईना, म्हणून खंबायतचे नवे मणी आणून मध्ये ओवले. बायकोने दोन-तीनदा घातली, छान दिसली. मग एका पुरातत्त्वाच्या प्राध्यापकांनी घरी चहाला आल्यावर माळ हातात घेतली आणि विचारलं, यांतले भोकरदनचे कोणते? मी भोकांवरून वेगळे करायला बसलो. बरेच झाले, पण काही मणी असे राहिले की छातीठोक सांगता येईना. जे वेगळे झाले तेही कुठल्या बाजूने, किती खोलातून, कशाशेजारी, काहीच माहीत नाही. सर चिडले नाहीत. कायदा तेवढा सांगितला : जमिनीत गाडलेलं दहा रुपयांवरचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं, हा १८७८ चा कायदा, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूचा व्यापार परवान्याशिवाय करायचा नाही आणि ती देशाबाहेर पाठवायची नाही, हा १९७२ चा. मी मनात हिशेब केला, पाच-पाच रुपयांनी घेतलेला मणी दहाच्या खालीच की! भंगाराच्या हिशेबाची सवय अशी कुठेही कामाला येते.

माझी मान खाली गेली ती त्या कायद्यामुळे नव्हे. त्याआधीच्या हंगामात मी भोकरदनला गेलो होतो तेव्हा पोरं मला बघून धावत आली, आणि दोघांच्या हातात खुरपी होती. आधी ती नुसती वेचायची. आता टेकाडाच्या कडेला गुडघाभर खड्डे होते. "काका, आतमधी लई असतेत," एकाने अभिमानाने सांगितलं. मी त्या दिवशीही मणी घेतले. जरा जास्तच घेतले, कारण चांगले होते.

माळ सोडवली. मणी प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना हाताळणीच्या सरावासाठी दिले. त्यांनी पाकिटावर 'स्थळ अनिश्चित' असं लिहिलं, तेव्हा मी म्हणणार होतो की अहो, भोकरदनचे आहेत. पण सगळे नव्हते, आणि कोणते नव्हते हे मलाच सांगता येत नव्हतं. खड्ड्यांचं काय झालं ते मी जाऊन पाहिलेलं नाही. तिकडे जायला पाय उचलत नाही हेही एक, आणि गेलो तर पोरं पुन्हा धावत येतील हे दुसरं.

मधाच्या रंगाची बाटली माझ्याकडेच आहे. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने भेग राळेने भरून देतो, कुणाला कळणार नाही, असं सांगितलं. मी नको म्हटलं. भेग बुजवली की उकळत्या पाण्याचा पुरावाही जाईल, आणि त्या बाटलीविषयी मला खात्रीने माहीत असलेली एकमेव घटना तीच आहे. नवं बूच बसवलेलं नाही. बुचाच्या जागी कापसाचा बोळा आहे. बाटली चिनी आहे याबद्दल मला शंका नाही. दगड कुठला, यावर मात्र अधूनमधून मन जातं. खंबायतचा अकीक कँटनला जात होता तर त्यातला एखादा तुकडा बाटली होऊन परत का येऊ नये? हे लिहिताना मी पुन्हा रेल्वेत बसून बखर रचतो आहे हे मला कळतंय. असो.

आता एक नोंदवही ठेवतो. हिशेबनिसाची सवय, दोन रकाने : 'सांगितलं' आणि 'मोजलं'. एकातलं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. वस्तू आली की आधी विचारायचं, मग लिहायचं, मग बघायचं. पाणी लावायचं नाही. घरात सोडा कुठे ठेवलाय हेही बायको मला सांगत नाही. गेल्या महिन्यात तोच भंगारवाला पिशवी घेऊन आला. मी विचारलं, कुठल्या घरातून? गल्ली कोणती? पाडणारा कोण? कोणत्या खोलीत होती? तो वैतागला. "साहेब, माल तर बघा आधी!" मी सगळं लिहून घेतलं, तारीख टाकली, त्याला वाचून दाखवलं, आणि मग पिशवी उघडली. मुरादाबादी ॲशट्रे होता, बुडाला गेल्या दोन-चार वर्षांतल्या किमतीचं स्टिकर. तोही वहीत आहे, गल्लीसकट.